सहाव्या मुलाचा हिस्सा

मराठीत 'भाऊबंद' या शब्दाला नुसती 'की' जोडली की कोर्टात तारीख पडते. भाऊबंद म्हणजे आपली माणसं. भाऊबंदकी म्हणजे त्याच माणसांशी बांधावरून, विहिरीच्या पाळीवरून, नाहीतर आजोबांच्या गिरगावातल्या खोलीच्या भाडेपावतीवरून चाललेला दावा. त्यामुळे व्यासपीठावरून कोणी 'वसुधैव कुटुंबकम्' म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढे पृथ्वीचा निळा गोल येत नाही, चौदा नावांचा सामाईक सातबारा येतो. चौदांतले दोघे वारलेले, एक दुबईला, आणि एका बहिणीने हक्कसोड लिहून दिलं होतं की नाही याची कोणालाच खात्री नाही.

हे मी टवाळी म्हणून लिहीत नाही. सगळी माणसं एकाच घरातली आहेत, आणि म्हणून जगातली संपत्तीही सगळ्यांची आहे, हा विचार मला मनापासून पटतो. माझी तक्रार एवढीच की आपण त्यातला पहिला अर्धा भाग भाषणात म्हणतो आणि दुसरा अर्धा गिळतो. घर एक म्हटलं की हिस्सा आला. तो द्यायचा नसेल तर कुटुंब म्हणू नये, शेजारी म्हणावं. शेजारधर्मही काही वाईट नसतो.

या श्लोकाचा प्रवासही बघण्यासारखा आहे. संसदेच्या जुन्या इमारतीत तो कोरलेला आहे, २०२३च्या जी-२०चं ते बोधवाक्य होतं. पण 'हितोपदेशा'त तो येतो कोल्ह्याच्या तोंडी. कोल्ह्याला हरणाच्या मांसाची हाव सुटलेली, म्हणून त्याने हरणाशी मैत्री जोडलेली. झाडावरचा कावळा म्हणतो, अनोळखी माणसाला असं घरात घेऊ नये. त्यावर कोल्हा हा श्लोक म्हणतो: हा आपला, तो परका, असं मोजणारे कोत्या मनाचे. 'पंचतंत्रा'त मात्र तोच श्लोक वेगळ्याच कामाला आला आहे. चार मित्र कमवायला निघतात. तिघे शास्त्र शिकलेले, चौथा शिकलेला नाही, पण डोकं जागेवर असलेला. वाटेत कुरकुर सुरू होते की याला विद्या नाही, तर आपल्या कमाईतलं याला कशाला द्यायचं? तेव्हा तिसरा म्हणतो, लहानपणापासून आपण एकत्र खेळलो, याला सारखा वाटा मिळाला पाहिजे. आणि मग हा श्लोक. (पुढे ते तिघे विद्वान मेलेल्या सिंहाला जिवंत करतात आणि चौथा तेवढा झाडावर चढतो, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे.) एकच श्लोक, एका ठिकाणी हिस्सा देण्यासाठी म्हटलेला, दुसरीकडे हरीण खाण्यासाठी. कोणता कुठला हे ओळखायची मला एकच रीत सापडली आहे. म्हणणारा माणूस श्लोकानंतर वाट्याबद्दल काही बोलतो का, ते ऐकायचं.

मुंबईत तर विश्वबंधुत्व आपल्या जिभेवरच आहे. हवालदार मामा, इस्पितळातली आया मावशी, रिक्षावाला काका, भाजीवाला भाऊ, मासेवाली मावशी, धुणंभांडी करणारी ताई नाहीतर मावशीच. दिवसभरात मी सात-आठ नाती जोडतो आणि त्यांतलं एकही मला पैशाने महाग पडत नाही. ज्या बाईला आपण आईची बहीण म्हणतो तिने कोणती लिफ्ट वापरावी याच्या पाट्या याच शहरात लागतात. 'मावशी, उद्या जरा लवकर या हं' या वाक्यात जिव्हाळा खरा असतो, हेही सांगतो. दिवाळीला साडी जाते, तिच्या मुलीच्या कॉलेजची फी भरणारी घरं मी पाहिली आहेत. पण पगारी रजा किती, हा प्रश्न काढला की आवाज बदलतो.

नात्याचा अर्थ हिस्सा असा ज्याने सरळ घेतला तो माणूस आपल्याच रायगडातल्या गागोद्याचा. विनोबांची भूदानाची सुरुवात सगळ्यांना ठाऊक असते: १८ एप्रिल १९५१, तेलंगणातलं पोचमपल्ली, हरिजनांच्या चाळीस कुटुंबांनी मागितलेली ऐंशी एकर जमीन, आणि रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या तिथे देऊ केलेली शंभर एकर. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते विनोबांचं मागणं कसं होतं ते. ते जमीनमालकाला म्हणत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा सहावा हिस्सा द्या. ही भीक नव्हे. यात 'तुमचं मन मोठं आहे' अशी स्तुतीसुद्धा नाही. घरात आणखी एक वारस निघाला आहे, वाटणीपत्र पुन्हा करा, एवढंच. दान या शब्दाची शंकराचार्यांची व्याख्या ते पुनःपुन्हा सांगत: दानं संविभागः. दान म्हणजे नीट वाटणी.

भूदानाचं पुढे काय झालं, हे भक्तिभावाने लिहिणारे सांगत नाहीत आणि कुत्सितपणे लिहिणारे फक्त तेवढंच सांगतात. उद्दिष्ट पाच कोटी एकरांचं होतं. कागदावर चाळीस लाखांच्या वर मिळाली. त्यातली बरीच खडकाळ, बरीच वादातली, आणि मोठा भाग वाटपाविना पडून राहिला. मला यात विचाराचा पराभव दिसत नाही, तलाठ्याच्या दप्तराचा दिसतो. सहावा मुलगा म्हणून घरात घेतलं, पण फेरफार कोणी नोंदवायचा, मोजणी कोणी आणायची, पहिल्या वर्षी बी-बियाणं कोण देणार, याची पुरेशी व्यवस्था नव्हती. जिथे ती झाली तिथे गोष्ट टिकते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २०१३ साली ग्रामदान कायद्याखाली सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचा निर्णय घेतला. तो एका सभेत भावनेच्या भरात झालेला निर्णय नव्हता. वर्षानुवर्षं एकमताने ठराव करायची आणि बांबूचा हिशेब सगळ्यांपुढे ठेवायची सवय त्याच्या मागे होती. गावातली जमीन कसणारा कसतोच, ती गावाबाहेरच्याला परस्पर विकता येत नाही एवढाच फरक.

आणि तुकोबा. घरातली सावकारीची खतपत्रं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट आपण त्यागाची म्हणून सांगतो. तिच्यातला एक बारकावा सुटतो. परंपरा असं सांगते की आधी त्यांनी खतांचे दोन भाग केले, धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा भाग त्याच्या हवाली केला आणि मग आपल्या वाटणीची तेवढी खतं पाण्यात सोडली. भावाच्या हिश्शाचा त्याग त्यांनी परस्पर केला नाही. वाण्याच्या घरातला माणूस, हिशेब पक्का.

आता माझा स्वतःचा हिशेब मांडतो, नाहीतर हा लेख म्हणजे दुसऱ्याच्या खतपत्रांची इंद्रायणी व्हायची. मुलुंड पूर्वेला आमचा वन बीएचके आहे. वडिलांनी १९९६ साली घेतला तेव्हा साडेनऊ लाख पडले होते. ऑफिसचं कर्ज, आईच्या पाटल्या, सगळं लागलं. आज एजंट सव्वा कोटी म्हणतो. साडेनऊ लाख आमच्या घामाचे, यावर मी कोणाशीही भांडेन. पण वरच्या एक कोटी साडेपंधरा लाखांसाठी आम्ही काय केलं? दोनदा रंग काढला, एकदा बाथरूमचं वॉटरप्रूफिंग केलं. बाकी काम आम्ही झोपलेलो असताना दुसऱ्यांनी केलं. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रूळ टाकणाऱ्यांनी केलं, स्टेशनबाहेर पहाटे पाचला टोपली मांडणाऱ्या बाईने, शाळा चालवणाऱ्यांनी, गटारात उतरणाऱ्यांनी केलं. मुंबईची तर जमीनसुद्धा बऱ्याच ठिकाणी माणसांनी भराव घालून केलेली आहे. सात बेटांच्या मधल्या खाड्या काही कोणाच्या आजोबांनी वारसाहक्काने दिल्या नव्हत्या. ईशावास्य उपनिषदाच्या पहिल्याच मंत्रात 'मा गृधः' म्हटलं आहे: हाव धरू नकोस, धन आहे तरी कोणाचं? गिधाड हा शब्द त्याच धातूवरून आलेला. हे सगळं ईश्वराचं, असं मानायला एखाद्याला अवघड जात असेल तर त्याने ईश्वराच्या जागी 'सगळ्यांनी मिळून केलेलं' असं वाचून बघावं. मुंबईतल्या फ्लॅटच्या किमतीला तो अर्थ तंतोतंत बसतो.

पाणी तर त्याहून स्पष्ट. मुंबई रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरांच्या वर पाणी घेते. तुळशी आणि विहार शहराच्या हद्दीत आहेत. पण बहुतेक पाणी येतं तानसा, मोडकसागर, भातसा, वैतरणेच्या धरणांतून, म्हणजे शहापूर-मोखाड्याच्या बाजूने. तानसाचं धरण १८९२चं. या धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. बाई हंडा घेऊन ज्या वाटेने जाते तिच्या जवळून आपली जलवाहिनी जाते. त्या बाईचं मुंबईशी नातं काय? आपण तिला वहिनी म्हणू, मावशी म्हणू, ट्रेकला गेलो तर तिच्या हातची भाकरी खाऊन फोटोही टाकू. पण आमच्या सोसायटीच्या पाणीपट्टीच्या बिलात तिच्या नावाचा एक रुपया नाही. पाण्याच्या स्रोताजवळच्या गावांना पाण्याच्या बिलातून ठरावीक वाटा मिळावा, मुंबईला पाणी देणाऱ्या प्रत्येक पाड्याला आधी नळ आणि मग पुढची वाहिनी, असा नियम करायला कोणतं अध्यात्म आड येतं?

इथे माझी पंचाईत होते, कारण असले सवाल लेखात विचारणं सोपं असतं आणि मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे.

अठ्ठावीस फ्लॅटची आमची सोसायटी. गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत विषय होता वॉचमनसाठी संडास बांधण्याचा. दोघे वॉचमन बारा-बारा तास बसतात आणि अडलं की स्टेशनच्या सुलभमध्ये जातात. रात्री कुठे जातात हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं. पंपरूमच्या मागे कोपरा मोकळा आहे. कोटेशन आलं एक लाख बारा हजारांचं, म्हणजे माणशी चार हजार. स्टिल्टखाली लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, कोरम नाही म्हणून अर्धा तास तहकूब, मग सुरू. हिशेब मंजूर झाले, गळतीवर पाऊण तास गेला, पार्किंगवरून दोघांचा आवाज चढला, आणि मी हा विषय वाचला.

विरोध आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडून. काका बँकेतून निवृत्त. एकादशी पाळतात, ज्ञानेश्वरीचं वाचन रोजचं. त्यांना ढोंगी म्हणण्याची सोय मला नाही, कारण आदल्या वर्षी आमच्या रात्रपाळीच्या वॉचमनला डेंग्यू झाला तेव्हा दवाखान्याचे अठरा हजार काकांनी एकट्याने भरले आणि कोणाला सांगितलंही नाही. मला ते वॉचमनकडून कळलं. तर काका उठून म्हणाले, "हे बघा, त्याला काय लागेल ते मी वैयक्तिक करीन. पण सोसायटीच्या बिलात हा हेड नको. आज संडास, उद्या पंखा, परवा म्हणतील आम्हाला खोली द्या."

मला त्या वाक्याने बरेच दिवस छळलं. काका अठरा हजार द्यायला तयार, चार हजारांना नकार. कारण अठरा हजारांत ते दाते होते. ते देऊ शकत होते, तसं न देऊही शकत होते. चार हजारांत तो हक्क झाला असता, दर महिन्याच्या बिलात छापलेला, आणि न दिल्यास थकबाकीदारांच्या यादीत काकांचं नाव लागलं असतं. 'हे विश्वचि माझें घर' म्हणणारा माणूस मनाने खरोखर तिथवर पोचलेला असू शकतो, आणि तरी त्या घराच्या मेंटेनन्सचं बिल स्वतःच्या नावावर निघालेलं त्याला सोसत नाही. माझंही काही वेगळं नसावं. मी ठरावाच्या बाजूने होतो, पण मसुद्यात 'आवश्यकतेनुसार, सहानुभूतीपूर्वक' असे शब्द मीच घातले होते. सभेतल्या एका कॉलेजातल्या मुलीने ते खोडायला लावले. तिचं म्हणणं, संडासाला सहानुभूती कशाला?

ठराव तेरा विरुद्ध आठने मंजूर झाला, एक तटस्थ.

गृहनिर्माण सोसायटी ही गोष्ट कोणाला आध्यात्मिक वाटणार नाही. लिफ्टचं तेल, टेरेसची चावी आणि शेजाऱ्याच्या कुंडीतलं पाणी यांतच तिचं आयुष्य जातं. पण संपत्तीच्या सामाईक मालकीचा प्रयोग मुंबईत कुठे रोज चालतो, तर इथेच. कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरकडून सोसायटीच्या नावे हस्तांतरण, झालेला असेल तर जमीन आणि इमारत सोसायटीची. माझ्या हातात पन्नास रुपयांच्या पाच शेअरचं सर्टिफिकेट आणि राहण्याचा हक्क. (कन्व्हेयन्स कायद्याने चार महिन्यांत व्हायचा; किती सोसायट्या वीस-वीस वर्षं त्याच्या मागे धावतात, तो वेगळाच लेख.) थ्री बीएचकेवाल्याला एक मत, वन रूम किचनवाल्यालाही एकच. आणि आदर्श उपविधींमध्ये, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांमध्ये, एक तरतूद आहे जिच्यावरून दर सभेत वाद होतो: सेवाशुल्क, म्हणजे वॉचमन, सफाई, जिन्यातले दिवे, हे सगळ्या फ्लॅटना सारखं, क्षेत्रफळ काही असो. सिंकिंग फंडात बांधकामखर्चाच्या पाव टक्का दरवर्षी टाकायचा, तो कशासाठी, तर जे आज शाळेत जातात त्यांच्या काळात इमारत पुन्हा उभी करायला. न जन्मलेल्यांचा हिस्सा बाजूला काढून ठेवणारं हे कलम मला कुठल्याही प्रवचनाहून कमी वाटत नाही.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या चळवळीची मुंबईतली सुरुवात ज्या गावदेवीत झाली, तिथे १९१५ साली रावबहादूर तालमकींच्या पुढाकाराने सारस्वत सोसायटी उभी राहिली, आणि दोनच वर्षांनी तिथल्याच मणिभवनात गांधीजी उतरू लागले. गांधीजींनी मांडला विश्वस्तपणाचा विचार: श्रीमंताने संपत्ती आपली न मानता समाजाची ठेव मानावी. तालमकींनी मांडलं खातेवहीचं पान. मोठेपणा कोणाचा, हे ठरवायची गरज नाही, पण मुंबईच्या मध्यमवर्गाला छप्पर कोणत्या विचाराने दिलं ते दिसतंच. विश्वस्तपणात एक मेख आहे. विश्वस्त चांगला असला तरी चावी त्याच्याकडेच राहते. देवाच्या जमिनीचं बघा. आपल्या कायद्यात मूर्ती ही मालक असू शकते, पण कायमची अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. म्हणजे सही दुसऱ्याचीच. सगळं देवाचं म्हटल्यावर सही कोणाची, हाच खरा सवाल उरतो, आणि तो सोडवायला वरळीला धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय लागतं.

सोसायटीचीही मर्यादा लपवण्यासारखी नाही. गावदेवीची ती पहिली सोसायटी एका ज्ञातीसाठी होती, आणि आजही कित्येक सोसायट्या नाव-आडनाव, ताटातलं मटण आणि धर्म बघून दार उघडतात. पारशी सोसायटीच्या अहमदाबादच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली असं सभासदत्व मर्यादित ठेवणारे उपविधी वैध ठरवले. आत समता, फाटकाशी वॉचमन, आणि फाटकाबाहेर परके. विश्वकुटुंबाची कल्पना नेमकी इथे हवी असते, फाटक जरा पुढे सरकवायला. ती हिशेबाची जागा घेऊ शकत नाही, पण हिशेबात कोणाला धरायचं हे तिच्यावाचून ठरतही नाही.

नुसती वाटणी केली, पण जबाबदारी वाटली नाही, तर काय होतं याचं उदाहरण माझ्या आत्याची लालबागची चाळ. भाडं बासष्ट रुपये. गॅलरीला लाकडी टेकू लागून कित्येक पावसाळे झाले. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात मी जिना काय दुरुस्त करू? भाडेकरू म्हणतात, पागडी आम्ही भरली, तीन पिढ्या आम्ही राहिलो, भिंत आमची नाही तर कोणाची? दोघांचंही खरं आहे आणि टेकू तसाच आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिलं, ते गरजेचंच होतं; पण मालकी एकाची, उपभोग दुसऱ्याचा आणि दुरुस्ती कोणाचीच नाही असं त्रांगडं होऊन बसलं. त्यातून वाट म्हणून १९८६ साली म्हाडा कायद्यात प्रकरण आठ-अ घातलं: उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीतल्या सत्तर टक्के रहिवाशांनी मागणी केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करायची आणि रहिवाशांच्या सहकारी सोसायटीला द्यायची. आधार संविधानाच्या अनुच्छेद ३९(ख)चा: समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हिताला उपकारक होईल अशी वाटली जावी. मालकांची संघटना कोर्टात गेली, आणि १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात रेंगाळलेल्या त्या वादात नऊ न्यायाधीशांनी ५ नोव्हेंबर २०२४ रोजी उत्तर दिलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही 'समाजाची साधनसंपत्ती' होत नाही.

पुष्कळ डाव्या मित्रांना हा निकाल खुपला. मला तो तेवढा खुपत नाही. शंभर महिन्यांचं भाडं म्हणजे आत्याच्या खोलीचे सहा हजार दोनशे रुपये. त्याला वाटणी म्हणायला माझीही जीभ जड होते. कोणाकडून काढून घ्यायचं तर तोही कुटुंबातलाच आहे, हे विसरून चालत नाही. पण न्यायालयाने दार बंदही केलेलं नाही. त्या साधनाचं स्वरूप काय, त्याचा समाजाच्या जगण्यावर परिणाम काय, ते दुर्मिळ आहे का, आणि थोड्यांच्या हातात साठलं तर काय होईल, या कसोट्यांवर काही खाजगी मालमत्ता त्यात येऊ शकते असं बहुमताने म्हटलं आहे. त्या चार कसोट्या वाचताना मला मुंबईच्या जमिनीचंच वर्णन वाचतोय असं वाटलं.

आणि सरकारच्या नावावर केलं म्हणजे सगळ्यांचं झालं, हा भ्रमही मुंबईइतका कोणी पैशाने विकत घेतला नसेल. गिरणी कामगारांच्या संपानंतर सरकारने ताब्यात घेतलेल्या गिरण्यांपैकी काहींच्या जमिनी २००५ साली सरकारच्याच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने लिलावात काढल्या. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते: एक शहराच्या मोकळ्या जागेला, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती आली की वाटे संपूर्ण जमिनीचे नाहीत, फक्त जिथे बांधकाम नाही तेवढ्याच जागेचे. व्याख्येतल्या एका शब्दाने शहराचा हिस्सा आकसला; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. बंधुभावाच्या घोषणा देत मोर्चे निघत होते तेव्हा तो शब्द मंत्रालयात कोणीतरी शांतपणे टंकलिखित करत होतं. म्हणून मी म्हणतो, अध्यात्म मानणाऱ्यांनी विकास नियंत्रण नियमावली वाचावी.

लोक अशा वेळी विचारतात की हे सगळं माणसाच्या स्वभावाविरुद्ध नाही का, आपलं आणि दुसऱ्याचं हे तर लहान मुलालाही कळतं. असेलही. पण डबेवाल्यांचे गट या शहरात शंभर वर्षांहून अधिक काळ चालले आहेत. मावळ-खेड-जुन्नरकडची माणसं, गळ्यात तुळशीची माळ, एका मुकादमाखालचा गट, खर्च वजा जाता उरलं ते सारखं वाटून. नवशिका आणि जुना यांत फरक थोडा. त्यांना कोणी विश्वबंधुत्वावर व्याख्यान द्यायला बोलावलं तर ते बहुधा डबे पोचवायचेत म्हणून येणार नाहीत. गोपाळकाल्यात आपापली शिदोरी एकत्र कालवून सगळ्यांनी खायची, ही वारकऱ्यांची चाल; त्यातला दही-पोह्यांचा भाग शहराने सोडला आणि बक्षिसाची हंडी ठेवली, पण या लोकांनी काला पगारात आणला. अर्थात तेही फार मोठ्या कुटुंबाचं सांगत नाहीत. गट ओळखीचा, गावचा, बहुतेक नात्यातला. गट मोठा झाला तर सारखी वाटणी टिकेल का? माझ्या मते टिकेल तेवढीच, जेवढी मोजता येईल.

आमचा संडास फेब्रुवारीत पुरा झाला. पांढऱ्या टाइल्स, एक बादली, कडी-कुलूप. चावी कोणाकडे ठेवायची यावर कमिटीत चर्चा झाली आणि 'सध्या सचिवांकडे' असं ठरलं, म्हणून ती आमच्या दारामागच्या खिळ्याला लागली. दोन आठवडे रात्रपाळीचा वॉचमन पहिल्या मजल्यावर येऊन, बेल न वाजवता, हलकेच कडी वाजवत होता. मला वाटत होतं, व्यवस्था छान चालली आहे. बायको एका रात्री पावणेतीनला उठली, चावी देऊन आली आणि म्हणाली, "विश्वस्त महाराज, त्याला एक चावी करून द्या."

दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळून साठ रुपयांत डुप्लिकेट करून आणली आणि दोघांच्या हवाली केली. महिनाअखेर खजिनदार व्हाउचर घेऊन आला, हे कुठल्या हेडखाली घालू म्हणून. मी 'वॉचमन सुविधा' लिहिलं. असा हेड आपल्याकडे नाही म्हणाला, आणि खोडून 'किरकोळ' केलं. येत्या सभेच्या अजेंड्यावर मी तो हेड उघडण्याचा विषय घातला आहे, क्रमांक सहा. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदक म्हणून तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना विचारायला अजून गेलेलो नाही.